पोकळ कुठं, भरीव कुठं

२००१च्या ऑगस्टात एका गुरुवारी, दुपारची जेवणं चालू असताना, हुबळीच्या केशवापुरातल्या आष्टेकरांच्या घराच्या पश्चिमेकडच्या भिंतीचा दाराएवढा गिलावा एकदम खाली आला. खाली गोविंद आष्टेकरांची स्कूटर उभी होती. तिचा आरसा गेला, सीट फाटली. त्या वेळी तिथं कुणी उभं नव्हतं, एवढंच नशीब.

सगळे ताटं सोडून बाहेर धावले. त्यांच्यामागून, दाराच्या चौकटीला हात लावत, गोविंदचा धाकटा भाऊ प्रभंजन आला. त्याला दिसत नव्हतं. पडलेला ढीग त्यानं पायानं चाचपला, वाकून एक तुकडा उचलला आणि त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"अण्णा, हे सिमेंट आहे. वडिलांच्या वेळचा चुना नाही हा."

"तू आत जा बघू," गोविंद म्हणाला. "अजून काहीतरी पडेल डोक्यात."

प्रभंजन आत गेला. गेली नऊ वर्षं तो असाच आत जात आला होता.

आष्टेकरांचं दुर्गदबैलाच्या बाजारात भांड्यांचं दुकान होतं. वडील सांगलीकडच्या आष्ट्याहून हुबळीला आले, आधी दुकान मांडलं आणि मग १९५८ साली हे घर बांधलं. प्रभंजन सोळाव्या वर्षापासून दुकानात बसायचा, आणि पितळेची त्याच्यासारखी पारख बाजारात दुसऱ्या कुणाला नव्हती. घागर उचलायची, बोटाच्या पेरानं दोन-तीनदा वाजवायची आणि सांगायचं, "बुडाला पातळ आहे." किंवा, "गळ्याशी फुटलेलं डाग देऊन झाकलंय, परत पाठवा." मिरजेहून माल घेऊन येणारे व्यापारी त्याच्यासमोर घागर ठेवताना जरा बिचकतच ठेवायचे.

तिशीत त्याला दिवेलागणीनंतर कमी दिसायला लागलं. डोळ्याच्या मागच्या पडद्याचा आजार आहे, औषध नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. ठरत आलेलं लग्न मोडलं. सदतिसाव्या वर्षी उजेड आणि अंधार एवढाच फरक कळायचा उरला. त्याच दिवाळीत, दुकानात गर्दी असताना, त्याचा धक्का लागून स्टीलच्या डब्यांची रास एका गिऱ्हाइकाच्या अंगावर कोसळली. दुसऱ्या दिवशी सकाळी गोविंद त्याला म्हणाला, "तू आता घरी आराम कर." गोविंद रागानं बोलला नव्हता. त्यामुळंच प्रभंजनला उलट काही बोलता आलं नाही.

घरात मात्र त्याला काठी लागत नसे. जिन्याच्या अकरा पायऱ्या, त्यांतली सातवी जरा उंच. न्हाणीघराचा उंबरा, मागच्या अंगणातला आडाचा कठडा, पेरूची खाली आलेली फांदी. सगळं त्याच्या अंगात बसलं होतं. तो पाणी काढायचा, तांदूळ निवडायचा, गच्चीवर जाऊन वाळवण राखायचा. बाहेरच्या माणसाला पाच-दहा मिनिटं तरी त्याला दिसत नाही हे कळायचं नाही.

गिलावा पडल्यावर चौथ्या दिवशी प्रवीण नावाचा ठेकेदार आला. कोप्पीकर रोडवर त्याचं ऑफिस होतं आणि केशवापुरातली निम्मी नवी बांधकामं त्याच्याकडं होती. त्यानं घराला एक फेरी मारली, दोन ठिकाणी बुटाच्या टोकानं भिंत ठोकली आणि निकाल दिला.

"अण्णा, चारी बाजूंचा गिलावा काढायचा. सगळा. चुन्याचं काम आहे, त्याचा जीव संपला. मी सिमेंटमध्ये नवं करून देतो."

"खिडक्यांवरची ती वेल?" गोविंदची बायको सुमन हिनं विचारलं. प्रत्येक खिडकीवर चुन्यात उठवलेली आंब्याच्या पानांची आणि कैऱ्यांची पट्टी होती.

"ती पण जाणार, वैनी. आता कोण करतं तसलं?"

खर्चाचा अंदाज ऐकून गोविंद दोन रात्री दुकानाच्या वह्या काढून बसला. दुकान पूर्वीसारखं चालत नव्हतं. तिसऱ्या दिवशी रात्री जेवताना तो ताटाकडं बघत म्हणाला, "एक बिल्डर मागं लागलाय. जागा दिली तर दोन फ्लॅट देतो म्हणतो. चौथ्या मजल्यावर. लिफ्ट असेल."

सुमननं दिराकडं पाहिलं. प्रभंजन भाकरीचा तुकडा मोडत होता, तो मोडतच राहिला. इथली प्रत्येक पायरी सोडून, कठड्याच्या एका अरुंद गॅलरीत चाचपडत त्याला सगळं पहिल्यापासून शिकावं लागलं असतं. हे तिघांनाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी गोविंद दुकानात गेल्यावर प्रभंजननं माळ्यावरची वडिलांची पेटी काढली. भांड्यांचे पोचे काढायची लाकडी हातोडी त्यात होती. ती घेऊन तो मागच्या अंगणात गेला आणि भिंतीच्या कोपऱ्यापासून ठोकत निघाला.

टक. टक. टक. ढब.

आवाज ऐकून सुमन मागच्या दारात आली. "भावजी, काय चाललंय?"

"वैनी, वेळ आहे का थोडा? न्हाणीच्या चुलीतला एक कोळसा आणा."

तिनं आणला.

"माझी हातोडी जिथं थांबेल तिथं खूण करा," तो म्हणाला. "इथं. आता इथं. इथून खाली या. बास, इथं भरीव लागलं. आता या खुणा जोडा."

सुमननं खुणा जोडल्या. भिंतीवर पपईएवढा एक आकार उमटला. मग दुसरा, मग परातीएवढा तिसरा. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, तिनं आत जाऊन गॅस बंद केला आणि परत आली. दोन वाजेपर्यंत, हात पोचेल तिथवरची मागची भिंत संपली होती. सुमन आडाच्या कठड्यापर्यंत मागं सरून बघत राहिली. तिला वाटलं होतं, सगळी भिंत काळी होईल. भिंतीवर आठ आकार होते आणि मधे मोकळी पांढरी जागा भरपूर होती.

"एवढंच?"

"एवढंच," प्रभंजन म्हणाला. त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. "बाकीचं घट्ट आहे, वैनी. वडिलांनी केलं होतं तसंच आहे. प्रवीण सगळं काढायला निघालाय."

संध्याकाळी गोविंदनं भिंत पाहिली आणि तो भडकला. "कोळशानं रंगवून ठेवलंय सगळं! अरे, भिंत म्हणजे घागर आहे होय?"

 सुमननं उत्तर दिलं. "नसेल. पण पडताळून बघायला काय जातंय? हणमंताला बोलावते मी. तो म्हणाला चूक, तर चूक."

हणमंत अळणावरजवळच्या एका खेड्यातला गवंडी. सुमनच्या मावशीकडं त्यानं काम केलं होतं. त्याचा बाप चुन्याचं काम करायचा आणि हणमंत लहानपणी त्याच्या हाताखाली होता. तो रविवारी बायकोला, सीताला, घेऊन आला. दोघं जोडीनंच काम करत. माल सीता कालवायची, भिंतीवर तो चढवायचा. त्यानं कोळशाचे आकार पाहिले, प्रभंजनकडं पाहिलं आणि गोविंदला हळू आवाजात कानडीत विचारलं, ह्यांना खरंच दिसत नाही का.

"दिसत नाही. ऐकू येतं," प्रभंजन म्हणाला.

हणमंत ओशाळून हसला. "मग बघूया की, मालक. मी दाखवतो तिथं सांगा."

त्यानं प्रभंजनचा हात धरून त्याला अजून खुणा न केलेल्या बाजूच्या भिंतीपाशी, न्हाणीघराच्या खिडकीखाली नेलं. तिथं एक लांब भेग होती, भोवती ओलीचा पिवळा डाग होता. गवंड्याच्या नजरेला ही जागा नक्की गेलेली होती. प्रभंजननं चार ठोके दिले.

"हे भरीव आहे. वरवर काहीतरी झालंय, आत नाही."

हणमंतानं छिन्नी लावली. तिसऱ्या घावालाही ती उसळून परत आली. भेगेतून नुसती रंगाची पापडी निघाली.

"आता तुम्ही एक जागा सांगा," हणमंत म्हणाला.

प्रभंजन भिंतीला हात लावून सात-आठ पावलं चालला आणि थांबला. तिथं गिलावा गुळगुळीत, पांढराशुभ्र होता. भेग नाही, डाग नाही. गोविंदला तर तीच भिंतीतली सगळ्यांत चांगली जागा वाटली.

"इथं. साधारण ताटाएवढं. डावीकडं सुटलंय, उजवी कड अजून धरून आहे. छिन्नी डावीकडून लावा."

हणमंतानं डावीकडून लावली. एका घावात पोळीसारखा आख्खा थर सुटला आणि उजव्या कडेला लटकून राहिला. सीता पटकन पुढं झाली आणि तिनं तो दोन्ही हातांत झेलला. पाठीमागं ओली, काळपट माती होती.

"अगं बाई!" सीता म्हणाली.

अशा सात जागा झाल्या. सातही खऱ्या निघाल्या. सातवीनंतर हणमंतानं छिन्नी खाली ठेवली, डोक्याचं पटकूर काढून तोंड पुसलं आणि गोविंदकडं वळला.

"अण्णा, एकतीस वर्षं झाली मला या कामात. मीही ठोकून बघतो, पण मला एवढं ऐकू येत नाही. हे सगळं काढायची गरज नाही. तिसरा हिस्सा काढला तर बास. मागं कुणीतरी भेगा बुजवायला सिमेंट लावलंय. चुन्यात शिरलेलं पाणी उन्हात निघून जातं, सिमेंट त्याला जाऊ देत नाही, म्हणून ते थर घेऊन सुटतंय. मी चुन्यातच करून देतो. पण हे मालक माझ्याबरोबर पाहिजेत."

"बरोबर म्हणजे?" गोविंदनं विचारलं. "वरच्या मजल्यावर काय करणार?"

"परांचीवर चढतील की."

"त्याला परांचीवर? वेड लागलंय काय?"

"अण्णा," प्रभंजन म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, पण गोविंद थांबला. "गच्चीवर मी रोज जातो. आडातून पाणी काढतो. मला एकदा बघू दे."

दसरा झाल्यावर काम सुरू झालं. हणमंतानं आधी गच्चीची फुटकी पन्हळ बदलली, कारण पाणी मुळात तिथून येत होतं. मग मागच्या अंगणात खड्डा खणून चुना विरवायला घातला. तीन आठवडे सीता त्यावर पाणी राखत होती. मालात घालायचं हिरड्याचं आणि गुळाचं पाणी वेगळ्या पिंपात मुरत होतं. अंगणभर त्याचा आंबूस वास पसरला आणि सुमनला कपडे पुढच्या बाजूला वाळत घालावे लागले. चुना तयार होईपर्यंत खालच्या भिंतींवरचे सैल भाग काढून झाले. आता वर जायचं होतं.

बांबूची परांची बांधून झाल्यावर हणमंतानं प्रभंजनच्या कमरेला दोर बांधला आणि त्याचं दुसरं टोक गच्चीच्या खांबाला. गोविंदनं त्या दिवशी दुकान उशिरा उघडायचं ठरवलं. तो खाली, हात पसरून उभा होता, जणू भाऊ पडला तर झेलणार होता.

पहिल्या चार बांबूंपर्यंत प्रभंजन भराभर चढला. मग त्याचा हात अडखळला. पुढचा बांबू त्याला वाटला तिथं नव्हता. एक पाय हवेत राहिला आणि परांची हलली. नऊ वर्षांत त्यानं अंगात न बसलेल्या जागी पाऊल टाकलं नव्हतं.

"खाली ये!" गोविंद ओरडला. "प्रभंजन, बास झालं, खाली ये!"

वरून हणमंत शांतपणे म्हणाला, "मालक, उजवा हात वीतभर वर. गाठ लागेल. गाठीच्या वर धरा."

प्रभंजननं हात वीतभर वर नेला. काथ्याची गाठ लागली. त्यानं तिच्या वर धरलं आणि हवेतला पाय टेकवला. मग पुढची गाठ, मग त्याच्या पुढची. फळीवर पोचल्यावर तो क्षणभर भिंतीला पाठ लावून उभा राहिला. खालून रिक्षांचे आवाज येत होते, स्टेशनाकडं एक मालगाडी शंट होत होती, कुणाच्या तरी गच्चीवर पापड लाटणाऱ्या बायका मोठ्यानं हसत होत्या. तोंडावर वारा लागत होता. तो स्वतःशीच हसला, वळला आणि त्यानं कमरेची हातोडी काढली.

टक. टक. ढब.

"हणमंत, खडू," तो म्हणाला.

खाली गोविंदनं पसरलेले हात सावकाश खाली घेतले.

सैल भाग छिन्नीनं काढायचा, कडा तिरक्या तासायच्या, धूळ कुंचल्यानं झाडायची, भिंत पाण्यानं भिजवायची आणि मग चुना, वाळू आणि सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, यांचा माल थरावर थर चढवायचा. प्रत्येक थर ओल्या गोणपाटाखाली ठेवायचा. काम सावकाश पुढं सरकत होतं. प्रभंजन रोज सकाळी सगळ्या नव्या जागा ठोकून बघायचा. दोन दिवसांचा थर कसा वाजतो, आठवड्याचा कसा, आतून सुकला की आवाज कसा बारीक होतो, हे त्याला महिनाभरात कळायला लागलं. "हा अजून ओला आहे," तो सांगायचा, आणि सीता गोणपाट परत लावायची.

डिसेंबरात समोरची मोठी जागा झाली. दरवाज्याच्या वरचा हा भाग घराचं तोंडच होता. तो हणमंतानं मन लावून घोटला होता आणि रस्त्यानं जाणारे थांबून बघत होते. बाराव्या दिवशी प्रभंजननं तिथं हातोडी लावली, परत लावली, आणि त्याचा चेहरा उतरला.

"हणमंत, वरची कड धरत नाहीये."

"असं कसं? दोन दिवस खपलोय मी तिथं."

"हातभर लांब सुटलंय. डाव्या बाजूला."

हणमंताला राग आला. बाकीच्यांच्या कामातली खोट दाखवणं वेगळं आणि त्याच्या हातातली दाखवणं वेगळं. "मालक, तुम्ही घागरी वाजवल्या, मी भिंती बांधल्यात," तो म्हणाला. "माझ्या कामाला नावं ठेवायची असतील तर दुसरा गवंडी बघा." तो परांचीवरून उतरला, थापी घमेल्यात टाकली आणि सीताला चल म्हणाला.

सीता जागची हलली नाही. "त्या दिवशी गावाला जत्रेला जायचं म्हणून घाई चालली होती तुमची," ती म्हणाली. "वरची कड झाडलीच नाही तुम्ही. पाणी पण मी मारलं नव्हतं तिथं. मी म्हटलं होतं."

 प्रभंजन परांचीवरच उभा होता. तिथूनच तो म्हणाला, "हणमंत, माझं चुकत असेल तर आख्खा भाग परत करायची मजुरी मी अण्णाकडून मागून देतो. पण बघ एकदा."

हणमंत परत वर चढला. त्यानं छिन्नी डाव्या कडेला हलकेच टेकवली आणि एक घाव घातला. हातभर पट्टी सुटून त्याच्या तळहातावर आली. तिची पाठ कोरडी होती आणि तिच्यावर धुळीचा बारीक थर होता. हणमंतानं तो बोटानं पुसला आणि बोट उजेडाकडं धरलं.

"चुकलं माझं," तो म्हणाला. मग खाली बघून ओरडला, "सीता, पाणी दे वर! भरपूर दे!"

त्या दिवसापासून तो प्रभंजनला मालक म्हणेनासा झाला. अप्पा म्हणायला लागला.

शेवटी खिडक्यांवरच्या वेली राहिल्या. अकरा कैऱ्या आणि बरीच पानं गेली होती. हणमंतानं एक कैरी करून पाहिली, ती वांग्यासारखी दिसत होती. सुमनला हसू आवरेना. मग प्रभंजननं शिल्लक राहिलेली एक कैरी बोटांनी नीट पाहिली. देठाकडं किती फुगीर, टोक कुठं वळतं, पान तिला कुठं चिकटतं. लहानपणी ह्याच खिडकीत चढून त्यानं त्या कैऱ्यांवर हात फिरवले होते. त्यानं ओल्या चुन्याचा गोळा मागितला. पहिल्या दोन कैऱ्या फुकट गेल्या, तिसरी जमली. चौथीपासून हणमंत फक्त माल पुरवत होता. संक्रांतीच्या आदल्या दिवशी शेवटची कैरी बसली.

त्या संध्याकाळी गोविंद दुकानातून आला तो फाटकातच थांबला. परांची उतरवली होती. त्यानं प्रभंजनला हाक मारून रस्त्यावर बोलावलं आणि त्याचा दंड धरून त्याला समोरच्या फुटपाथवर नेलं. भावाचे डोळे गेल्यापासून गोविंद त्याच्यासमोर कधी दिसण्याच्या गोष्टी बोलत नसे. सण असो, सिनेमा असो, विषय टाळायचा. आज तो बोलायला लागला.

"उन्हं आता गच्चीच्या कडेला आहेत," तो म्हणाला. "भिंत पिवळसर दिसतेय, सायीसारखी. नवं कुठं, जुनं कुठं, कळत नाही. मी शोधतोय, मला सापडत नाही. दरवाज्यावरचा भाग एकदम सपाट आहे. आणि त्या कैऱ्या... अरे, त्यांच्या सावल्या पडल्यात भिंतीवर. प्रत्येक कैरीची वेगळी सावली." भावाच्या दंडावरचा त्याचा हात घट्ट झाला. "वडील असायला पाहिजे होते."

"आणखी सांग," प्रभंजन म्हणाला.

गोविंद सांगत राहिला. दिवे लागेपर्यंत दोघे फुटपाथवर उभे होते. बिल्डरचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

फेब्रुवारीत प्रवीण एकदा रस्त्यानं जाताना थांबला. भिंतीकडं बघून म्हणाला, "छान दिसतंय. पावसाळा जाऊ दे, मग बोलू." पावसाळा आला. त्या वर्षी जुलैत पश्चिमेकडून तिरका पाऊस सलग नऊ दिवस भिंतीवर मारत होता. ऑक्टोबरात प्रवीण स्वतःहून आला. ह्या वेळी त्यानं बुटाचं टोक वापरलं नाही. गाडीतून लोखंडी हातोडा आणि शिडी काढली आणि दीड तास चारी भिंती वरपासून खालपर्यंत ठोकल्या. गोविंद, सुमन आणि प्रभंजन अंगणात बसून ऐकत होते. शेवटच्या कोपऱ्यात आल्यावर प्रवीण शिडीवरून उतरला आणि हातावरची धूळ झाडत उभा राहिला.

"सापडलं काही?" सुमननं विचारलं.

"नाही, वैनी." त्यानं सरळ प्रभंजनकडं वळून विचारलं, "काका, बाहेरची कामं घेता का? धारवाडच्या वाटेवर, रायापुरात, एक नवा बंगला आहे. पोटठेकेदाराकडून गिलावा करून घेतलाय, मालक उद्या ताबा घेणार आहेत. मला त्या कामाचा भरवसा वाटत नाही, पण खोट दाखवता येत नाहीये. नीट मजुरी देईन. येता?"

गोविंदनं तोंड उघडलं. नऊ-दहा वर्षं ज्या सुरात तो आराम कर म्हणाला होता, तोच सूर त्याच्या घशाशी आला होता. त्यानं तो गिळला आणि म्हणाला, "बसच्या वेळा मला ठाऊक आहेत. स्टॉपवर मी सोडतो."

सुमनचा निरोप मिळून पहाटेच्या गाडीनं आलेले हणमंत आणि सीता दुसऱ्या दिवशी सकाळी स्टॉपवर आधीच उभे होते. प्रभंजननं इस्त्रीचा शर्ट घातला होता. नवी पांढरी काठी डाव्या हातात, पिशवीत हातोडी आणि सुमननं दिलेला डबा. धारवाडची बस आली. कंडक्टरनं त्याच्यासाठी पुढची सीट रिकामी करून घेतली, तर तो म्हणाला, "नको, माझी माणसं मागं आहेत," आणि दांडी धरत मागं गेला.

रायापुरातला बंगला रस्त्यापासून थोडा आत होता. नव्या रंगाचा वास येत होता. दारात मालक, प्रवीण आणि तो पोटठेकेदार उभे होते. पोटठेकेदारानं काठी पाहिली आणि प्रवीणला विचारलं, "हे तपासणार? ह्यांना तर..."

प्रवीणनं बाजूला होऊन प्रभंजनला वाट दिली.

प्रभंजन ओसरीच्या पायऱ्या मोजून चढला. तळहात भिंतीवर ठेवला, सावकाश सरकवला, हातोडी काढली. टक. टक. टक. सगळे श्वास रोखून ऐकत होते. तो खिडकीपर्यंत गेला, परत आला, गुडघ्यावर बसून खालचा पट्टा वाजवला, उठला आणि हात लांब करून वरचा. ढब. ढब. ढब. ढब. पोटठेकेदारानं बाजूला बघितलं.

प्रभंजन वळला. गेली दहा वर्षं त्याच्या चेहऱ्यावर न दिसलेलं, जुन्या दुकानातलं हसू होतं ते.

"हणमंत, शिडी लाव. सीताक्का, खडूची आख्खी पेटी काढा," तो म्हणाला. "आणि प्रवीण, चहा सांग सगळ्यांना. आज संध्याकाळपर्यंत काम आहे."